राईस मिलमधला कोसा

आरमोरीच्या अलीकडे, बंद पडलेल्या राईस मिलमध्ये
आम्ही पाच जणांनी मिळून एक 'आत' बांधलं.
त्याला दुसरं नाव सुचलं नाही.

बांबू बुरडाकडून आणले. पडदे मोतीराम पेंटरचे,
नाटक कंपनीनं टाकून दिलेले:
महाल, तुरुंग, जंगल,
आणि एक बाग, जिच्यातलं कारंजं जरा वाकडंच पडतं.
"उलटे लावा," मोतीराम म्हणाला,
"रंग भिंतीकडं, पाठ माणसाकडं.
रंग लय पाह्यला लोकायनं."
म्हणून आत नुसतं कळकट कापड, दुहेरी शिवण,
आणि कुठं कुठं पाझरून आलेला हिरवा.

शब्बीरनं लग्नातला माईक ऐनाच्या फांदीला बांधून
तीन रात्री जागून काढल्या.
हजार अळ्या एकदम पानं खातात तेव्हा
फोडणी निवताना कढईत उरतो
तेवढाच आवाज असतो.
यशोधरा रामटेकेनं एकाच अळीचं डोकं टिपलं,
आठाच्या आकड्यात फिरणारं, न थकता,
आणि ते छताएवढं मोठं केलं.
माझ्याकडे दिवे होते,
म्हणजे खरं तर अंधार होता.

दारात एक पायली ठेवली.
मोबाईल तिच्यात टाकायचा, चपला काढायच्या, आत जायचं.
बाहेरच्या रस्त्यावर खनिजाचे ट्रक रात्रंदिवस,
बातम्यांत कुठली तरी शहरं जळत,
आणि घराघरात कोण कोणाचं, याच्या याद्या.
यशोधरानं पाटीवर लिहिलं होतं:
जग फार झालं की इथे या.

आले की लोक.
पोलीस भरतीत अर्ध्या सेंटिमीटरनं राहिलेला एक पोरगा
दोन तास पडून राहिला.
ट्रक बाजूला लावून एक ड्रायव्हर आला, घोरला, गेला.
एका बाईनं विचारलं, आत देव आहे का?
नाही म्हटलं.
"बरं झालं," म्हणाली, आणि शिरली.

पाचवी आमच्यातली सुगंधाबाई मारबते.
अळ्या तिच्या, झाडांची राखण तिची,
गोफण घेऊन पाखरं हाकलणं तिचं.
ती सगळ्यांत शेवटी आली. पाटी दोनदा वाचून घेतली.
"भेवानं नाई बांधत जी किडा," म्हणाली.
"पोट भरलं का बांधते."
मग छताकडे बघत, जराशानं:
"अन् सलग धागा पायजे असंल
तं किडा उकळत्या पाण्यात जाते.
किडा पायजे असंल तं धागा तुटते.
दोनी नाई भेटत."
शब्बीरनं उगाच आवाज कमी केला.
यशोधरा पाटी पुसायला उठली,
ओला फडका हातात घेऊन तशीच उभी राहिली.

पाचव्या संध्याकाळी वीज गेली.
अळीचं डोकं आकड्याच्या मध्यावर विझलं.
आत अकरा माणसं होती, कोणी उठलं नाही.
भिंतीतून ट्रक ऐकू येऊ लागले, एकेक करून,
मग कोणाचा तरी श्वास, कोणाच्या तरी बांगड्या,
आणि पायलीतले सगळे फोन
एकमेकांवर आपटत थरथरणारे.
त्या अंधारात तो भरतीवाला पोरगा
बाजूच्या अनोळखी माणसाला म्हणाला,
"काका, पाणी हाय का?"
बाटली हातोहात फिरत त्याच्याकडे गेली.
मी वायर जोडत होतो.
थोडा वेळ जोडायचा थांबलो.

आठव्या दिवशी सगळं सोडवलं.
बांबू बुरडाला परत, महाल वडशाच्या कंपनीनं नेला,
बागेचा पडदा मोतीरामनं खाटेवर अंथरला.
बियाण्याला ठेवलेल्या कोशांपैकी एक
सुगंधाबाईनं मिलच्या खिळ्याला मुद्दाम टांगून ठेवला.
दुसऱ्या सकाळी त्याला एका टोकाला ओलं भोक होतं.

पायलीत एक फोन उरला.
काच तडकलेली, पाठीला कोण्या लेकराचा स्टिकर.
मी रोज संध्याकाळी तो चार्ज करतो.
अजून कोणी मागायला आलं नाही.
काल एकदा वाजला.
आकड्यांऐवजी नुसतं 'घर' लिहून आलं.
वाजू दिला.